हाकेच्या बाहेर

दहिवलीच्या आमच्या गच्चीवरून माथेरानचा डोंगर दिसतो. पाहुणे आले की म्हणतात, चला की आमच्याबरोबर वर. मी त्यांना नेरळपर्यंत सोडतो, टॅक्सीत बसवतो आणि परत येतो. गुडघा दुखतो म्हणून सांगतो. गुडघा दुखत नाही. सात वर्षांपूर्वी मी आईला घेऊन माथेरानला गेलो होतो, त्यानंतर माथेरानात पाऊल टाकायची माझी हिंमत झाली नाही.

आधी काय झालं ते थोडक्यात सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा मी आजूबाजूचंच बोलत बसेन. त्या दिवशी एका बाईनं मला फोन केला होता. तिची सून अडली होती. मी फोनवर ‘बरं’ म्हणालो आणि काहीच केलं नाही. सून गेली, पोटातलं मूल गेलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वाडीसमोर मी म्हणालो की फोनवर काही ऐकूच आलं नाही. बाई खरं बोलत होती, पण मी शाळेचा गुरुजी होतो. लोकांनी माझं ऐकलं. सात वर्षं ती बाई खोटी ठरली, तिच्या पोटच्या पोराच्या नजरेतसुद्धा. आणि ती अजून जिवंत आहे, हे मला रोज माहीत होतं.

ही वाडी चौकच्या बाजूनं माथेरानच्या उतारावर आहे. धरणाच्या कडेनं मोटारसायकल जाते तिथपर्यंत न्यायची, एका मोठ्या आंब्याखाली लावायची आणि पुढं पाऊण तास चढायचं. ठाकरांची पस्तीसएक घरं, दोन खोल्यांची शाळा. मी तिथं अकरा वर्षं होतो. वाडीच्या मागून निघालेली पायवाट दीड तासात रामबाग पॉइंटला माथेरानात शिरते. वाडीतली माणसं त्याच वाटेनं रोज चढायची, डोक्यावर भाजी, सरपण, पावसाळ्यात रानातली शेवळाची भाजी. दिवसभर हॉटेलात राबायची आणि ऊन कलताना उतरायची. शहरातून आलेले लोक त्या वाटेला ट्रेक म्हणतात. वाडीत तिला नुसतं ‘वाट’ म्हणत.

रस्ता नसल्यामुळं आजारी माणूस झोळीतून खाली न्यावा लागे. जाड बांबूला चादर किंवा गोधडी बांधायची, आत माणूस, पुढं दोघं, मागं दोघं, आणि चार जण खांदा बदलायला. ही आठ माणसं ठरलेली असत. आणि त्यांच्यासाठी वाडीचा एक नियम होता. घरात एखाद्या बाईला नववा लागला की त्या आठांनी हाकेच्या बाहेर जायचं नाही. गवत कापायचं तर वाडीवरच्या माळावर, लाकूड तोडायचं तर ओढ्याच्या अलीकडं. हॉटेलची कामं तेवढे दिवस बंद. कुणी लपूनछपून वर गेलाच, तर बायका त्याचा असा उद्धार करत की महिनाभर तो मान वर करत नसे. मी स्वतः तीनदा त्या झोळीला खांदा दिला होता. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आईचं माहेर चौकजवळचं. तिचे वडील माथेरानच्या पोस्टात होते आणि सातव्या वर्षापासून अकराव्यापर्यंत ती तिथंच, बाजाराच्या मागं, पोस्टाच्या खोलीत राहिली होती. सुट्टी लागली की सगळं कुटुंब रामबागच्या वाटेनं चालत घरी उतरायचं. आईच्या बोलण्यात त्या चार वर्षांना जेवढी जागा होती तेवढी माझ्या वडिलांबरोबरच्या चाळीस वर्षांना नव्हती. एकोणऐंशी पूर्ण झाल्यावर तिनं धोशा लावला की मला एकदा तिथं ने.

मी म्हटलं, “नेऊ की. नेरळहून टॅक्सी दस्तुरीपर्यंत जाते. पुढं हातरिक्षा करू.”

“तसं कुणीही जातं. मला आमच्या वाटेनं जायचंय.”

“तुला घरातला जिना चढवत नाही.”

“ते मला कळतं. पण तुझी माणसं आहेत ना वाडीवर? तूच सांगतोस, आजारी माणूस कसा फुलासारखा नेतात म्हणून.”

‘तुझी माणसं’ हे तिनं म्हटलं आणि मला बरं वाटलं. आज त्या बरं वाटण्याचीच लाज वाटते. आयुष्यात आईला दाखवावं असं माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. भावानं पुण्यात फ्लॅट घेतला होता, तो तिला विमानानं काशीला घेऊन गेला होता. माझ्याकडं एक वाडी होती, जिथं माझा शब्द खाली पडत नव्हता.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली होती. मधल्या सुट्टीत मी वाडीतल्या जाणत्या म्हाताऱ्याला आणि दोन-चार तरुणांना बोलावून विचारलं. रविवारी आईला खुर्चीत बसवून वर न्यायचं, दुपारच्या आत परत. शाळेत खिचडी शिजवणारी बाई तिथंच चुलीपाशी होती. तिला मी मावशी म्हणत असे. तिचा एकुलता एक मुलगा समोर बसला होता. आठांतला सगळ्यात दणकट गडी तोच.

“गुर्जी, माझ्या सुनंचं दिस भरत आल्यात,” मावशी चुलीवरची नजर न काढता म्हणाली.

“कार्ड आण बघू,” मी मुलाला म्हटलं. तो पळत जाऊन दवाखान्याचं कार्ड घेऊन आला. मी तारीख वाचली. बावीस दिवस बाकी होते. “हे बघा, अजून तीन आठवडे आहेत. आणि आपण जाऊन जाऊन किती वेळ जाणार?”

“त्या कागदाला काय कळतंय? पॉट उतारलंय तिचं.”

मुलगा हसला. “आये, गुर्जी शिकल्यालं हायत. तू खिचडी बघ, करपंल.”

बाकीचेही हसले. मीही हसलो. म्हातारा तेवढा हसला नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, “गुर्जींच्या आयला नाय कसं म्हनायचं रं.”

त्यांना मला नाही म्हणता येत नाही, हे मला त्या वाक्यातच कळायला हवं होतं. कळलं होतंच. पोरांचे दाखले, आधारकार्डाचे कागद, दवाखान्यातल्या ओळखी, सगळं माझ्या हातून होत होतं. मी कधी उपकार बोलून दाखवले नाहीत, पण ते त्यांच्या ध्यानात असतील याची मला खात्री होती. मी त्या खात्रीवर आईला बसवलं.

रविवारी आठांतले सहा आले. उरलेल्या दोघांत एकाचा पाय मुरगळला होता आणि दुसरा म्हणजे तो म्हातारा. शाळेतली लाकडी खुर्ची वाडीच्या दोन बांबूंना बांधली. झोळीचे बांबू ते दोनच होते, शाळेच्या वळचणीला टांगलेले असत. मावशी दारात उभी होती. मुलानं आपला फोन तिच्या हातात दिला. तिला अक्षरओळख नव्हती. खिचडीचं सामान संपलं तर मला कळवता यावं म्हणून मीच तिला एकदा शिकवलं होतं की दोनचं बटण दाबून धरलं की मला फोन लागतो. त्या फोनवरून तिला लावता येणारा नंबर एवढाच. आणि तोही वाडीतून लागत नसे. पाण्याच्या टाकीच्या वरच्या कातळावर जावं लागे.

चढताना सगळे मजेत होते. आई हलकी होती. पुढचा एक जण म्हणाला, “आजी म्हंजी पाटीभर भाजी हाय नुसती. गुर्जींना बशीवलं आसतं तर आमी आर्ध्यात टाकून पळालो आसतो.” आई खुर्चीत हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. वाटेतला एकेक दगड ओळखल्यासारखं करत होती. इथं तिचे वडील तंबाखू मळायला थांबायचे. इथं तिच्या भावाची चप्पल दरीत गेली. खाली धरणाचं पाणी चमकत होतं. ते तिच्या लहानपणी नव्हतं, तिथं गावं होती. ती त्या पाण्याकडं बोट दाखवून शेतांच्या जागा सांगत होती. मुलगा माझ्यापाशी येऊन चालत चालत म्हणाला, “गुर्जी, मुलगी झाली तरी मला चालंल. आयला पोरगा पायजे. मी म्हनलं, काय पन होऊं दे, शाळंत धाडीन.” मी म्हटलं, माझ्याच शाळेत येणार की.

रामबागला पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. तिथून बाजारापर्यंत झाडांखालची लाल माती. माथेरानात गाडीला बंदी, त्यामुळं माणूस, घोडा नाहीतर हातरिक्षा. आमची खुर्ची बघून लोक थांबायला लागले. घोडेवाल्यांनी आमच्या माणसांना डिवचलं, “काय रं, आमच्या पोटावर पाय देता काय? नंबर लावा, नंबर.” एका टोळक्यानं आईबरोबर फोटो काढून घेतला. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. पुढं मुख्य रस्त्यावर फरशीचे ब्लॉक बसवलेले होते. ते बघून ती जरा हिरमुसली. “माती कुठं गेली रे? आमचे पाय पावसाळाभर लाल असायचे,” म्हणाली.

पोस्टाच्या मागची खोली होती, पण तिला कुलूप होतं. आई बाहेरच्या ओट्यावर बसली. दाराच्या चौकटीवरून हात फिरवत राहिली. तिला तसंच बसू दिलं आणि मी दहाएक पावलं बाजूला झालो. सहा जण समोरच्या झाडाखाली वडापाव खात बसले होते. तेव्हा फोन वाजला. दहा वाजून गेले होते.

“गुर्जी, मी बोलतेय. ऐकू येतंय न्हवं?”

“बोला मावशी.”

“पोरीच्या कळा लागल्यात. रगत जातंय. मान्सं धाडा.”

“केव्हापासून?”

“पहाटंपासनं दुखत व्हतं तिला, बोललीच नाय कुनाला. आता धाडा. पळत या म्हनावं.”

“बरं,” मी म्हणालो.

आवाज स्वच्छ होता. तिच्या धापा ऐकू येत होत्या. मागं वाऱ्याचा आवाज होता.

त्या क्षणी काय करायचं हे मला नीट कळत होतं, म्हणून हे लिहायला जड जातंय. सहाही जणांना तिथूनच पळवायचं. रिकाम्या हातानं ते वाट चाळीस मिनिटांत उतरले असते. आईला हातरिक्षात घालून दस्तुरीला न्यायचं, तिथून टॅक्सीनं नेरळ. हातरिक्षावाले समोर वीस पावलांवर उभे होते. मला काहीही अवघड नव्हतं.

तेवढ्यात आई ओट्यावरून म्हणाली, “आता मला तळं दाखव. बाबा संध्याकाळी तिथं न्यायचे. तेवढं दाखव, मग मी काही मागणार नाही.”

मी मनात हिशेब केला तो असा. पहिलटकरीण आहे, पहिल्या वेळेला दिवसभर लागतो. रक्त थोडं जातंच. मावशी घाबरट आहे. आई उतरली की पुन्हा कधी वर येणार नाही. तळ्याला जाऊन येऊन अर्धा तास. यातलं एकही वाक्य मला तेव्हा खरं वाटत नव्हतं. फक्त आईच्या तोंडावर जो आनंद होता तो माझ्यामुळं होता, आणि तो मोडायचा नव्हता.

मुलानं हात पुसत विचारलं, “कुनाचा फोन, गुर्जी?”

“घरून,” मी म्हणालो. “चला, तळ्यावर जाऊन येऊ.”

आणि फोन सायलेंटला टाकून खिशात ठेवला.

शार्लोट तळ्यावर अर्धा नाही, पूर्ण तास गेला. जाण्यायेण्याचा वेगळा. आईला पाण्याजवळ जायचं होतं, मग देवळात जायचं होतं. वडिलांनी इथं बसून तिला पाढे कसे शिकवले ते तिनं सहाही जणांना सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. मुलगा पाण्यावर चपटे दगड उडवत होता. एक दगड चार वेळा उडाला तेव्हा तो माझ्याकडं बघून हसला. मी त्याला हसून दाद दिली. मला त्या दिवसातलं बाकी काही विसरता येईल. ते हसणं नाही.

माणसाला खुर्चीतून चढवण्यापेक्षा उतरवणं अवघड. घसरड्या गवतावर पाय रोवत यावं लागतं. रामबागला मी फोन काढून बघितला. मावशीचे आणखी तीन फोन येऊन गेले होते. मी कुणाला काही बोललो नाही. आता बोलून काय उपयोग, निघालोच आहोत, अशी मी स्वतःची समजूत घातली. वाडीत पोचायला दोन वाजले.

वाडीत बायका नव्हत्या. आपापल्या दारात म्हातारी माणसं बसली होती. आमचा तो जाणता म्हातारा शाळेच्या पायरीवर होता. तो मुलाला एवढंच म्हणाला, “खाली नेलीय. बायकांनीच नेलीय.”

बांबू आमच्याकडं होते. माणसं आमच्याकडं होती, बाकीचे गडी रोजच्यासारखे वर हॉटेलांत कामाला. अकराच्या सुमारास बायकांनी गोधडीची चार टोकं हातात धरून तिला उचललं होतं आणि त्या तशाच उतरायला लागल्या होत्या. दर पन्नास पावलांवर खाली ठेवायचं, परत उचलायचं. सहा जणांनी खुर्ची अंगणात टेकवली, सुतळ्या कोयत्यानं तोडल्या आणि बांबू घेऊन पळाले. माझी आई अंगणात मधोमध खुर्चीत बसून राहिली.

“काय झालं रे?”

“काही नाही. कुणीतरी आजारी आहे.”

तिला पाणी देऊन मग मी निघालो. म्हणजे तेव्हाही सगळ्यांच्या मागून. ओढ्याच्या पलीकडच्या वळणावर त्यांनी बायकांना गाठलं होतं. तिथून पुढं झोळी पळतच गेली. खाली धावलेल्या एका पोरानं बोलावलेली जीप आंब्याखाली येऊन उभी होती. मी पोचलो तेव्हा ती सुरू झालेली नव्हती आणि कुणी तिला सुरू करायची घाई करत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळं उरकल्यावर माणसं समाजमंदिराच्या ओट्यावर बसली होती. मुलगा भिंतीला टेकून होता. मावशी आली आणि सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

“गुर्जी, मी तुमाला फोन केला व्हता. तुमी बरं म्हनाला. मग मान्सं का नाय आली?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मुलानंही मान वर केली. मी एवढी तयारी करून आलो होतो की मला अडखळायलाही झालं नाही.

“मावशी, फोन आला होता. पण आवाजच तुटत होता. मला वाटलं खिचडीचं काहीतरी असेल.”

“नाय वो. तुमी इचारलं, कवापासनं म्हनून. मी सांगितलं. तुमी बरं म्हनाला.”

“नाही मावशी. मला काही ऐकू आलं नाही.”

कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, “कातळावर नीट उभी नसंल ऱ्हायली. तिकडं पलीकडच्या टोकालाच लागतोय.” दुसरा म्हणाला, “एका मानसानं वर पळत जायला पायजे व्हतं. हिला फोनचं काय कळतंय.” मुलगा आईकडं बघत होता; मी ‘घरून’ म्हटलेला फोन त्याला वेगळा वाटला असावा. तिनं त्याच्याकडं बघून पुन्हा तेच सांगायला तोंड उघडलं. तो म्हणाला, “बास.”

दोन महिन्यांत मी बदलीचा अर्ज केला आणि कळंबच्या बाजूला शाळा मिळाली. आईनं त्या सहलीची गोष्ट जो भेटेल त्याला सांगितली. माझ्या मुलानं मला डोंगरावर उचलून नेलं, म्हणायची. मी आत उठून जात असे. गेल्या वर्षी ती गेली तेव्हा दहाव्याला आलेल्या नातेवाइकांनीही ती गोष्ट एकमेकांना सांगितली, आणि भाऊ म्हणाला, “तू केलंस ते आमच्यापैकी कुणाला जमलं नाही.” तिला मी कधी खरं सांगितलं नाही. तिच्यावर दया म्हणून नाही. तिनं माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघितलं असतं, ते मला नको होतं.

या हिवाळ्यात कर्जतच्या बाजारात त्या वाडीकडं आरोग्याचं काम केलेली आशाताई भेटली. मी ओळख न दाखवता पुढं जाणार होतो, तिनंच हाक मारली. बोलता बोलता वाडीचा विषय निघाला. ती म्हणाली, “तुमची खिचडीवाली मावशी फार थकली हो गुरुजी. पोरगा एका घरात राहतो पण तिच्याशी बोलत नाही. त्या दिवसापासनं. परत लग्नपण नाही केलं त्यानं. ती आधी सांगायची सगळ्यांना, मी बोलले होते म्हणून. आता म्हणते, मला तसा भास झाला असंल.”

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. तिनं सगळं ऐकून घेतलं, कुकरचा गॅस बंद केला आणि म्हणाली, “मला कशाला सांगताय? मी काय करू याचं?” पुढच्या रविवारी मी मोटारसायकल काढली.

आंबा आहे अजून. तिथून वर थोडा सिमेंटचा रस्ता झालाय, मग पुन्हा तीच पायवाट. मी तीन ठिकाणी बसलो. एकदा परत वळून पंधरा-वीस पावलं उतरलोसुद्धा. मग चढलो.

मावशी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. फार लहान झाली होती. मुलगा पडवीत बसून कोयत्याला मूठ बसवत होता. त्याचे केस कानापाशी पांढरे झाले होते. मला बघून तो उठला. “या गुर्जी,” म्हणाला आणि आतून गोणपाट आणून अंथरलं. मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, आणि चहा पिऊन मी परत आलो असतो.

“मावशी फोनवर बोलली होती,” मी म्हणालो. “आवाज नीट आला होता. माणसं धाडा म्हणाली, रक्त जातंय म्हणाली. मी बरं म्हणालो. मी तुम्हाला सांगितलं नाही. मला आईला तळं दाखवायचं होतं.”

मुलानं मूठ कोयत्यावर दाबून बसवली. “मी तुमाला इचारलं व्हतं, कुनाचा फोन.”

“हो.”

“घरून म्हनाला.”

“हो.”

“तवाच सांगितलं आसतं तर मी कवा पोचलो आसतो?”

“अकराच्या आत.”

त्यानं मान हलवली. अकरा वाजता ती घरातच होती, त्यानंतर बायकांनी तिला उचललं, हे मला सांगायची गरज नव्हती. वाचली असती का ते मी सांगू शकत नाही. त्यानं ते विचारलंही नाही.

मावशीचे हात थांबले होते. ती माझ्याकडं बघत नव्हती. “म्हंजी बोलले व्हते मी,” ती म्हणाली. जरा वेळानं परत, “इचारलं व्हतं न्हवं तुमी, कवापासनं म्हनून?”

“विचारलं होतं, मावशी.”

“मी येडी म्हनून घेतलं वो सोताला.”

माफी मागायचं ठरवून आलो होतो, तो शब्द तोंडातून आला नाही, आणि आला असता तर तिला आणखी एक काम लागलं असतं, हो किंवा नाही म्हणायचं.

मुलानं कोयता भिंतीला टेकवला. “समाजमंदिरात चला,” म्हणाला. “तवा सगळ्यांफुडं बोलला व्हता. आता पन तिथंच बोला.”

त्यानं स्वतः दारोदार जाऊन माणसं बोलावली. टोपीवाला म्हातारा वारला होता. खुर्ची वाहणाऱ्या सहांतले चौघं आले, बायका आल्या, गोधडीची टोकं धरलेल्या. माझ्याकडं शिकलेली दोन-तीन पोरं आता बापई माणसं झालेली. मावशी ओट्याच्या खाली जमिनीवरच बसली. मी उभा राहून सगळं पुन्हा सांगितलं, ‘घरून’ म्हणालो होतो ते आणि फोन सायलेंटला टाकला होता तेही. माझा आवाज एकदाही कापला नाही, याचं मलाच नवल वाटलं. अकरा वर्षं तिथं शिकवलं होतं म्हणून असेल.

कुणी शिवी दिली नाही. एक बाई, जिचा चेहरा मला आठवत नव्हता, म्हणाली, “माझा खांदा आजून वर होत नाय, गुर्जी. त्या दिसापासनं.” एवढंच. एक जण म्हणाला की पोलिसात जाता येईल का ते विचारायला हवं. मी म्हटलं, विचारा, मी दहिवलीत असतो. कागदावर पत्ता लिहून दिला. त्यानं तो वाचून खिशात ठेवला.

बोलणं अजून चालूच होतं तेव्हा मावशी गुडघ्यावर हात देऊन उठली आणि कुणाला काही न सांगता घराकडं चालायला लागली. मुलानं बघितलं. तो ओट्यावरून उतरून तिच्या मागं निघाला. त्यांच्यात दहा-बारा पावलांचं अंतर होतं. वाट चढाची होती आणि तिला धाप लागत होती.

“आये, दम जरा,” तो म्हणाला.

तिनं ऐकलं असावं, कारण तिचं डोकं किंचित वळलं. पण ती थांबली नाही. तो तिच्या मागून, तिच्याच चालीनं, हळूहळू चढत राहिला.

ओट्यावरचं कुणीतरी मला म्हणालं, “उजेड हाय तवर उतरा.”